दाताला धरून बसणारे काचेचे सिमेंट

प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या इयत्तेतील मुलांना ओळीने उभे करून तोंड उघडावयास सांगितले, तर बहुतेक वर्गांत एक दृश्य हमखास आढळते. खालच्या जबड्यात, दुधाच्या दाढांच्या मागे, एक रुंद दाढ नुकतीच वर आलेली असते आणि तिच्या माथ्यावरील चिरांमध्ये काळसर रेघ किंवा लहानसे छिद्र पडलेले असते. घरी विचारणा केली तर उत्तर ठरलेले असते : दुधाचा दात आहे, पडेल आणि नवा येईल. वास्तविक ती दाढ दुधाची नसते. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, कोणताही दात न पडता, मागील मोकळ्या जागेत ती उगवते आणि ती कायमची असते. कोणताही दात पडला नाही म्हणूनच पालकांची फसगत होते. ही दाढ किडून बाराव्या-तेराव्या वर्षी काढावी लागली, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत कलंडतात, समोरच्या जबड्यातील दात त्या जागेकडे सरकू लागतो आणि त्या मुलाची चावण्याची घडीच विसकटून जाते.

हा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे २०० कोटी लोकांचे कायमचे दात किडलेले आहेत, तर ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. ग्रामीण भागात यांपैकी फार थोडे दात वेळीच भरले जातात. दात ठणकू लागला, गाल सुजला, की मुलाला तालुक्याच्या गावी नेण्यात येते आणि दात काढून टाकण्यात येतो. यात अज्ञानाचा भाग आहे हे खरे. परंतु त्याहून मोठा भाग साधनांचा आहे. दात काढण्यासाठी एक चिमटा व बधिरतेचे इंजेक्शन पुरते. दात भरण्यासाठी मात्र वीज, हवेचा दाब देणारे यंत्र, फिरणारे बारीक छेदक, पाण्याचा फवारा आणि खास खुर्ची असा सरंजाम लागत आला आहे. या हिशेबात पालट घडवून आणणारा एक पदार्थ गेल्या पन्नास वर्षांत विकसित झाला. त्याचे नाव ग्लास आयोनोमर सिमेंट.

जुन्या पद्धतीची अडचण

दात भरण्यासाठी दीड शतकाहून अधिक काळ मुख्यतः जो पदार्थ वापरात होता, त्याला सामान्य बोलीत 'चांदी भरणे' असे म्हणतात. चांदी, कथील व तांबे यांची भुकटी पाऱ्यात कालवून हे मिश्रण करतात. ते मजबूत असते, वर्षानुवर्षे टिकते, आणि त्याची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु ते दाताला चिकटत नाही. ते बाहेर पडू नये म्हणून दातातील पोकळी तोंडाशी अरुंद व आत रुंद, म्हणजे गाडग्याच्या आकाराची कोरावी लागते. किडलेला भाग जोंधळ्याच्या दाण्याएवढा असला तरी पकड मिळावी म्हणून सभोवतीचा निरोगी दातही कापावा लागतो, आणि दाताचे टणक आवरण कापणे यंत्राशिवाय शक्य नसते. यंत्र आले की वीज आली, वेदना आली, इंजेक्शन आले आणि मुलाच्या मनातील भीतीही आली.

दाताला स्वतःहून चिकटणारा पदार्थ मिळाला, तर ही सारी साखळी तुटते. किडलेला मऊ भाग तेवढा खरवडून काढावयाचा, निरोगी भागाला हात लावावयाचा नाही आणि पोकळी भरून टाकावयाची, एवढेच काम उरते.

सरकारी प्रयोगशाळेतील शोध

या पदार्थाचा शोध कोणत्याही दंतमहाविद्यालयात लागलेला नाही. लंडनमधील शासकीय रसायनतज्ज्ञांची प्रयोगशाळा ही मुळात १८४२ साली तंबाखूतील भेसळ पकडण्यासाठी स्थापन झालेली संस्था. तेथे ॲलन विल्सन हे शास्त्रज्ञ १९६० च्या दशकात दातांच्या सिमेंटांचा अभ्यास करीत होते. त्या काळी पुढचे दात भरण्यासाठी सिलिकेट सिमेंट वापरीत. विशिष्ट काचेची भुकटी फॉस्फोरिक अम्लात कालवून ते करीत. रंगाने ते दातासारखे दिसे. पण तोंडातील लाळेत हळूहळू झिजून जाई आणि दाताच्या आतील जिवंत गाभ्याला त्याचा त्रास होई. दुसरीकडे मँचेस्टर येथे डेनिस स्मिथ यांनी १९६८ साली जस्ताच्या ऑक्साइडबरोबर पॉलिॲक्रिलिक अम्ल वापरून एक सिमेंट तयार केले होते. ते दाताला चिकटत असे, पण दिसावयास चुन्यासारखे पांढरे व अपारदर्शक होते.

विल्सन व त्यांचे सहकारी ब्रायन केंट यांनी एका सिमेंटातील काच घेतली आणि दुसऱ्यातील अम्ल घेतले. कल्पना सोपी वाटते, परंतु प्रारंभी हे मिश्रण घट्टच होईना. पॉलिॲक्रिलिक अम्ल सौम्य असल्याने नेहमीच्या काचेवर त्याची मात्रा चालत नव्हती. तेव्हा काचेतील ॲल्युमिनाचे प्रमाण वाढवून ती सौम्य अम्लालाही दाद देईल अशी करण्यात आली. १९७१ व १९७२ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. तरीही मिश्रण घट्ट होण्यास फार वेळ घेई आणि हाताळावयास अवघड जाई. ही अडचण टार्टारिक अम्लाच्या अल्प प्रमाणाने दूर झाली. चिंचेला तिचा आंबटपणा देणारे जे अम्ल, तेच हे. त्याच्यामुळे मिश्रण काही काळ मऊ राहते, भरणाऱ्याला काम करण्यास सवड मिळते आणि नंतर ते झपाट्याने आवळते. पुढे जॉन मॅकलीन या दंतवैद्यांनी विल्सन यांच्यासमवेत या पदार्थाचा प्रत्यक्ष रुग्णांवर उपयोग करून पाहिला आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो दवाखान्यांत पोहोचला.

काच दाताला कशी चिकटते

ही भुकटी म्हणजे खिडकीची काच कुटून केलेली नव्हे. सिलिका, ॲल्युमिना व कॅल्शियम फ्लोराइड हे मुख्य घटक एक हजार अंशांहून बऱ्याच अधिक तापमानाला वितळवून, एकदम थंड करून व बारीक दळून ती तयार करतात. भरण्यासाठी वापरावयाच्या भुकटीचे कण सुमारे ५० मायक्रॉनपेक्षा लहान असतात. द्राव म्हणजे पॉलिॲक्रिलिक किंवा त्याच जातीच्या अम्लाचे पाण्यातील दाट द्रावण.

दोन्ही एकत्र कालवली की अम्ल प्रत्येक काचकणाच्या पृष्ठभागावर चढाई करते. कणातून कॅल्शियम, ॲल्युमिनियम व फ्लोराइड बाहेर पडतात. अम्लाचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. प्रथम कॅल्शियम या साखळ्यांना एकमेकींशी बांधते आणि चार-पाच मिनिटांत मिश्रण घट्ट होते. ॲल्युमिनियमचे काम सावकाश चालते. ते पुढील चोवीस तास, किंबहुना त्यानंतरही काही काळ, नवे बंध निर्माण करीत राहते व सिमेंट अधिकाधिक मजबूत होते. काचेच्या कणांचा गाभा मात्र तसाच राहतो. घराच्या बांधकामातील काँक्रीटमध्ये खडी असते तसे हे कण त्या मिश्रणात बसलेले असतात.

दाताशी होणारी पकडही याच प्रक्रियेचा भाग आहे. दात हा मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचाच बनलेला असल्यामुळे अम्लाच्या साखळ्या काचेतील कॅल्शियमला जशा धरतात, तशाच दातातील कॅल्शियमलाही धरतात. दात व सिमेंट यांच्यामध्ये दोहोंच्या घटकांचा मिळून एक पातळ थर तयार होतो. हा बंध ओढून मोजला तर फार प्रचंड भरत नाही. आधुनिक राळयुक्त फिलिंगाचा बंध याहून अधिक असतो. परंतु त्यासाठी दात अगदी कोरडा ठेवावा लागतो, निरनिराळी द्रावणे लावावी लागतात व प्रकाश टाकणारे यंत्र लागते. ग्लास आयोनोमर किंचित ओलसर दातालाही धरते. शिवाय गरम चहा व थंड पाणी यांमुळे दात जेवढा फुगतो-आकसतो, जवळजवळ तेवढेच हे सिमेंटही फुगते-आकसते. चांदीचे प्रसरण दाताच्या सुमारे दुप्पट असते. त्यामुळे कडेला फट पडून पुन्हा कीड शिरण्याचा संभव ग्लास आयोनोमरच्या बाबतीत कमी राहतो. पॉलिॲक्रिलिक अम्लाचे रेणू मोठे असल्याने ते दातातील सूक्ष्म नलिकांमधून आतल्या गाभ्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत आणि भरल्यानंतर दात फारसा झणझणत नाही.

या सिमेंटचा एक स्वभावदोष आहे, आणि तो न जाणल्यामुळे या पदार्थाला पुष्कळ ठिकाणी विनाकारण बदनामी आली आहे. त्याला सुरुवातीला ओलही सोसत नाही आणि कोरडही सोसत नाही. पहिल्या काही मिनिटांत लाळ लागली तर अजून न बांधले गेलेले कॅल्शियम व ॲल्युमिनियम धुऊन जातात आणि पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो. उलट, वाऱ्याने ते सुकले तर त्यातील पाणी उडून बारीक तडे जातात, कारण पाणी हा या सिमेंटचा घटकच आहे. म्हणून भरताना कापसाने लाळ अडवावी लागते आणि भरल्यावर लगेच वरून व्हॅसलीनचा किंवा वार्निशाचा थर द्यावा लागतो. रुग्णाला निदान तासभर काही खाऊ देत नाहीत ते याचसाठी.

फ्लोराइडबद्दल थोडे अधिक सांगणे इष्ट आहे, कारण त्याविषयी दोन टोकांचे समज आढळतात. काचेतून सुटलेले फ्लोराइड सिमेंटमधून पहिल्या एक-दोन दिवसांत पुष्कळ व नंतर अत्यल्प प्रमाणात वर्षानुवर्षे बाहेर येत राहते. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासले तर त्यातील काही अंश सिमेंट पुन्हा शोषून घेते व सावकाश परत देते. यामुळे आसपासचा दात पुन्हा किडणारच नाही, असे विक्रेते सांगतात. प्रयोगशाळेत हा परिणाम स्पष्ट दिसतो. प्रत्यक्ष तोंडात तो तितका निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. तेव्हा फिलिंग झाले म्हणून गोड खाण्यावर व घासण्यावरचे लक्ष कमी करून चालणार नाही. दुसरा समज याच्या उलट आहे. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइड अधिक असून तेथील लोकांना या शब्दाचीच धास्ती वाटते. फिलिंगमधून येणारी मात्रा पिण्याच्या पाण्यातून रोज पोटात जाणाऱ्या मात्रेच्या मानाने नगण्य असते. त्या गावांतील इलाज पाण्याचा करावयाचा आहे, फिलिंगचा नव्हे.

यंत्राविना दात भरणे

१९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियातील दार-ए-सलाम विद्यापीठात काम करणारे यो फ्रेंकेन व त्यांचे सहकारी यांच्यापुढे आपल्याकडच्यासारखाच पेच होता. वीज नाही, यंत्रे नाहीत, आणि म्हणून दात काढण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांनी केवळ हाताच्या अवजारांनी मऊ कीड काढून चिकटणाऱ्या सिमेंटने पोकळी भरण्याचा प्रयोग केला. १९९१ मध्ये थायलंडमधील खेड्यांत याची ग्लास आयोनोमर वापरून पद्धतशीर चाचणी सुरू झाली, त्यानंतर झिंबाब्वेतील शाळांतही झाली. थायलंडमध्ये तीन वर्षांनंतर पाहता चांदीची फिलिंगे तुलनेने अधिक टिकली होती, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. तेव्हाचे सिमेंट या कामासाठी बनविलेले नव्हते. त्यानंतर खास याच पद्धतीसाठी अधिक दाट व मजबूत सिमेंटे तयार करण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी, ७ एप्रिल रोजी, या पद्धतीचा पुरस्कार केला. २०२१ मध्ये ग्लास आयोनोमर सिमेंटचा समावेश संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत करण्यात आला.

प्रत्यक्ष कृती शाळेच्या वर्गातही होऊ शकते. मुलाला बाकावर किंवा टेबलावर, डोके उजेडाकडे करून निजवितात. पोकळीचे तोंड फार लहान असेल तर कुदळीसारख्या टोकाच्या लहान हत्याराने कडेचे पोकळ झालेले आवरण मोडून ते थोडे रुंद करतात. मग चमच्याच्या आकाराच्या हत्याराने आतील मऊ, ओलसर कीड खरवडून काढतात. कडांजवळचा भाग अगदी स्वच्छ झाला पाहिजे. गाभ्याजवळ मात्र थोडी किंचित मऊ दंतधातू राहिली तरी चालते, कारण वरून घट्ट झाकण बसल्यावर तेथील जंतूंना अन्न मिळत नाही. गाभा उघडा पाडण्यापेक्षा ते श्रेयस्कर. त्यानंतर सौम्य अम्लाने दहा-पंधरा सेकंद पोकळी पुसून, पाण्याने धुऊन, कापसाने टिपून घेतात. कालविलेले सिमेंट पोकळीत व आसपासच्या चिरांतही भरतात आणि व्हॅसलीन लावलेल्या बोटाने अर्धे मिनिट दाबून धरतात. अधिक झालेले काढून, मुलाला दात मिटावयास सांगून उंचवटा तपासतात. ज्या दाढेला अजून भोक पडलेले नाही, पण चिरा खोल आहेत, तिच्याही चिरा याच रीतीने बुजविता येतात. अर्धवट वर आलेल्या दाढेच्या बाबतीत याचा विशेष उपयोग होतो, कारण ती पूर्ण कोरडी ठेवणे शक्य नसते.

बहुतेक मुलांना इंजेक्शन द्यावे लागत नाही. यंत्राचा घरघराट नसल्याने पहिल्या मुलाने रडून बाकीच्या वर्गाला पळवून लावण्याचा प्रसंगही येत नाही. शिबिरांत काम केलेल्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

टिकण्याच्या बाबतीत पोकळी कोठे आहे यावर सारे अवलंबून असते. दुधाच्या दाढेच्या केवळ माथ्यावरील पोकळी या पद्धतीने भरली, तर दोन वर्षांनंतर शंभरांतील नव्वदांहून अधिक फिलिंगे शाबूत आढळतात. पोकळी दोन दाढांच्या मधल्या बाजूपर्यंत पसरलेली असेल तर हे प्रमाण साठ-पासष्टांवर येते. सिमेंट दाबाला टिकते, पण वाकविणाऱ्या ताणाला ठिसूळ असते. मोठ्या पोकळ्या व तुटलेले कंगोरे यांवर ते एकट्याने भरणे म्हणजे कच्च्या विटांची कमान बांधण्यासारखे होय. अशा दुधाच्या दाढांवर कीड न कोरता तयार पोलादी टोपण बसविण्याची पद्धत स्कॉटलंडमध्ये रूढ झाली. ते टोपण चिकटविण्यासाठीही ग्लास आयोनोमरच वापरतात. रात्री झोपू न देणारा ठणका, हिरडीवर पुवाची पुळी, सूज ही लक्षणे असतील तर मात्र कीड गाभ्यापर्यंत गेलेली असते. तेथे वरून कोणतेही सिमेंट भरणे हानिकारक आहे.

मोठ्यांच्या तोंडातील उपयोग

मुलांपुरताच हा पदार्थ नाही. मिश्री, राखुंडी किंवा विटकरीच्या भुकटीने वर्षानुवर्षे दात घासणाऱ्या स्त्री-पुरुषांचे दात हिरडीलगत खाचा पडल्यासारखे झिजतात व थंड पाणी लागताच शिवशिवतात. या उथळ खाचांना दुसऱ्या पदार्थांची पकड नीट बसत नाही. ग्लास आयोनोमर तेथे उत्तम टिकते. अर्थात खाच भरली म्हणून मिश्रीचे इतर दुष्परिणाम टळत नाहीत. वृद्धांमध्ये हिरडी खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते, तेथेही याचाच आधार घेतात. टोपण व कृत्रिम दातांचे पूल चिकटविण्यासाठी अधिक बारीक कणांचा, पातळ कालविण्याचा प्रकार वेगळा मिळतो. खोल पोकळीच्या तळाशी ग्लास आयोनोमरचा थर देऊन वरून मजबूत राळयुक्त फिलिंग करण्याची पद्धतही रूढ आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस राळेचा अंश मिसळलेले व निळ्या प्रकाशाने क्षणात घट्ट होणारे प्रकार आले. त्यांच्या विकासात भारतात जन्मलेल्या व अमेरिकेत काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ सुमिता मित्रा यांचा मोठा वाटा आहे. हे प्रकार अधिक चिवट असले तरी त्यांना प्रकाशयंत्र लागते. चांदीची भुकटी काचेत मिसळून सिमेंट बळकट करण्याचा १९८५ च्या सुमारास झालेला प्रयत्न मात्र अपेक्षेइतका फलदायी ठरला नाही.

या पदार्थाकडे वळण्यास आणखी एक कारण घडले आहे. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ साली झाला, २०१७ मध्ये तो अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. २०२२ मधील दुरुस्तीने दुधाच्या दातांत, पंधरा वर्षांखालील मुलांच्या, तसेच गर्भवती व स्तनदा मातांच्या दातांत पारामिश्रित चांदी भरणे, दंतवैद्यास आवश्यक वाटेल तो प्रसंग वगळून, टाळावयाचे ठरले आहे. म्हणजे शाळकरी मुलांपुरता तरी चांदीचा पर्याय शोधणे आता ऐच्छिक राहिलेले नाही.

खरेदी, साठवण आणि शाळा

या ठिकाणी कार्यालयांची व शाळांची जबाबदारी सुरू होते. मागणीपत्रात केवळ 'ग्लास आयोनोमर सिमेंट' असे लिहिले, तर टोपण चिकटविण्याचा पातळ प्रकार येऊन पडण्याची शक्यता असते. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००७ च्या आवृत्तीत भरण्याच्या प्रकारासाठी दाब सहन करण्याची किमान शक्ती १०० मेगापास्कल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक हजार किलोग्रॅम ठरविली आहे. चिकटविण्याच्या प्रकाराला तिच्या निम्मी पुरते. एकाने दाढ भरली तर ती वर्षभरातच झिजून जाईल आणि दोष पदार्थाच्या माथी येईल. म्हणून 'दाढा भरण्यासाठी, अधिक दाट प्रकारचे' असा स्पष्ट उल्लेख व मुदत संपण्याची तारीख मागणीपत्रात असावी.

भुकटीची बाटली उघडी राहिली तर पावसाळ्यात ती हवेतील ओल शोषते. द्राव शीतकपाटात ठेवला तर दाट होऊन निरुपयोगी होतो. भुकटी चमच्याच्या काठाशी सपाट करून मोजावी आणि द्रावाची बाटली उभी उलटी धरून बुडबुड्याविना थेंब पाडावा. मिश्रण अर्ध्या मिनिटाच्या आत कालवून, त्यावर चमक असेतोपर्यंतच भरावे. चमक गेली म्हणजे दाताला धरण्यासाठी अम्ल उरलेले नाही असे समजावे. विदर्भातील एप्रिल-मे महिन्यांत मिश्रण हातातल्या हातात आवळते. अशा वेळी ते पातळ करण्याचा मोह होतो. तेथे द्रावाचा थेंब वाढविण्याऐवजी कालविण्याची काचपट्टी थंड करून व पुसून घ्यावी, किंवा शिबिर सकाळच्या प्रहरी घ्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला होता. या कार्यक्रमात तपासावयाच्या तीस बाबींमध्ये दातांची कीड समाविष्ट आहे. फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात. पथकात आयुष वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व औषधनिर्माता असतात; दंतवैद्य नसतो. त्यामुळे कीड टिपली जाते, कागदावर संदर्भचिठ्ठी लिहिली जाते, आणि पुष्कळदा ती दप्तरातच राहते. कारण जिल्ह्याच्या गावी दातासाठी जाणे म्हणजे एका मजुरीचा खाडा. दात भरण्याचे काम नोंदणीकृत दंतवैद्याचेच आहे. शिक्षकाने किंवा आशा कार्यकर्तीने ते करावयाचे नाही. परंतु चिठ्ठ्यांची संख्या पाहून ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयातील दंतवैद्यास हत्यारांच्या एका पेटीसह शाळेत बोलाविणे, त्या दिवशी हत्यारे निर्जंतुक करण्याची व स्वच्छ पाण्याची सोय करणे, पालकांची संमती आधी मिळविणे, हे ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समितीच्या आवाक्यातील आहे.

पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आरोग्यपत्रिकेत सहाव्या वर्षाच्या चारही दाढा उगवल्या की नाहीत आणि त्यांच्या चिरा काळ्या आहेत का, एवढ्या दोनच नोंदी शिक्षकाने केल्या तरी दंतवैद्याचे अर्धे काम हलके होते. शिबिरात भरलेल्या दाढा पुढील वर्षी पथक येईल तेव्हा पुन्हा पाहावयास हव्यात. चिरांतील सिमेंट वरून निघून गेलेले दिसले तरी घाईने नापासाचा शेरा मारू नये, कारण खोल तळाशी त्याचा अंश राहून तो चिरा झाकीत असल्याचे अनेकदा आढळून आले आहे. तेथे दाढेचा रंग व कठीणपणा पाहूनच पुन्हा भरावयाचे की नाही ते ठरविण्यात येते.